तूर हलवलेली खोली

हुमनाबाद,
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

श्री. मडिवाळप्पा व्याही आणि सौ. गंगव्वा विहीणबाई यांना गुरुशांतप्पाचे सप्रेम शरणु शरणार्थी.

आम्ही इकडं ठीक. शैलश्री सुखरूप पोचली. अफजलपूरहून कलबुर्गीपर्यंत बसमध्ये उभी होती, तरी तोंड हसरं. पंचमी होऊन गेली होती, पण तिच्या आईनं तंबिटाचे लाडू डब्यात झाकून ठेवले होते आणि झोका सोडू दिला नव्हता. पोर आधी झोक्यावर बसली, मग घरात आली. ती तुमची सून आहे हे खरं, पण लहान आहे हेही खरं. आपण सगळेच ते अधूनमधून विसरतो.

तुम्ही म्हणाल, फोन खिशात असताना हा माणूस कागद कामून लिहायलाय? फोनवर तुमचा आवाज मोठा होतो आणि माझं वाक्य अर्धं राहतं. शिवाय फोनवरचं बोलणं दुसऱ्या दिवशी "मी असं कधी म्हणालो?" होऊन जातं. कागदाचं तसं होत नाही.

तर घराबद्दल. तुमचं घर पुढून बघितलं तर कुणीही डोळे झाकून पोरगी देईल. मीच दिली की. स्लॅब, फरशी, दारावर बसवण्णांचा फोटो. मागच्या दोन खोल्यांवर मात्र जुनं माळवद आहे: लाकडाची तुळई, तिच्यावर आडवी लाकडं, वर मातीचा थर. माळवदाला मी नावं ठेवत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तशी गार खोली दुसरी नाही. पण खालचं लाकूड धड आहे तोवर.

तुम्हाला माहीत आहे, मी या धंद्यात पाठीवर पंप घेऊन शिरलो. सोलापुरात दुसऱ्याच्या हाताखाली वाळवीचं औषध मारत फिरायचो. आज गाणगापुरातल्या बऱ्याच लॉजवाल्यांची दारं-खिडक्या माझ्या भरवशावर उभ्या आहेत. हे काम डोळ्यांचं नाही, कानाचं आहे. वाळवी वरचा पापुद्रा सोडते आणि आतलं खाते. रंग जसाच्या तसा, आत पोकळ. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकलं की चांगलं लाकूड टणकन बोलतं, खाल्लेलं नुसतं भद्द करतं. मग पातं लाकडावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आत खाणं चालू असलं तर कुणी हळूहळू कागद चुरगाळतंय असं ऐकू येतं. त्या वाटेनं बाकीचंही बरंच ऐकू येतं. ते असो.

पंचमीला लेकीला न्यायला मी आलो, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, "यंदा न्हाई पाठवत, इवाई. वारुळाची पूजा सुनेच्या हातनंच व्हायला पाहिजे." बरं म्हटलं. चहा होईपर्यंत हाताला काम नव्हतं, म्हणून घर ठोकत फिरलो. मागल्या खोलीची तुळई न्हाणीच्या बाजूला भद्द वाजली. ती भिंतीत शिरते तिथं एकाला दोन रोग आहेत. न्हाणीचं पाणी मुरून लाकूड कुजलंय आणि कुजलेल्याला वाळवी लागलीय. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. तीच तुळई मधल्या भिंतीवरून पुढं तुमच्या स्वयंपाकघरावर जाते. तिकडं मात्र अजून टणक आहे.

त्या मागल्या खोलीत शैलश्रीची खाट आहे. अगदी तुळईखाली.

भुईवर पोत्यांचे गोल डाग दिसले. तिथं तूर असायची वाटतं. आता पोती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहेत. कधी हलवली, कामून हलवली, हे मी विचारलं नाही. पाहुण्यानं किती विचारावं यालाही काही मर्यादा आहे.

दुसऱ्या दिवशी मी मशीन आणि दोन माणसं घेऊन न बोलावता आलो. भिंतीच्या बुडाशी भोकं पाडून औषध सोडलं. पण खरं मूळ तुमच्या मागच्या भिंतीला टेकून उभं आहे, ते वारूळ. मी हात लावायला गेलो तर विहीणबाई आडव्या झाल्या. त्यांचंही मला कळतं. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, मग त्या वारुळाला नवस बोलल्या आणि सुनीलकुमार झाले. आईनं अशा जागेवर कुदळ कशी पडू द्यावी? पण व्याही, ते वारूळ नागोबानं बांधलेलं नाही. ते वाळवीनं बांधलंय. दरवर्षी आपण तिच्या दारात दूध ओततो, भिंत ओली करतो, आणि ती त्याच भिंतीतून वर चढते. दगडी नागाला दूध पाजणाऱ्यांना हसलेल्या बसवण्णांचं नाव घेणारी माणसं आपण. हल्ली कितीक घरांत पंचमीचं दूध पोरांना देतात. तेवढं तरी करून बघा.

आता कामाचं. मागल्या खोलीत कुणालाच झोपवू नका. तुळईला दोन्हीकडून टेकू द्या, अगदी उद्या. न्हाणीचं पाणी दुसरीकडं काढा. पाऊस उघडला की मी स्वतः येऊन तुळई बदलून देतो, फक्त वारुळाचं तुम्ही दोघं घरात बोलून ठरवा.

औषधाचा वास दिवाळीपर्यंत राहील. ज्या बायकांना अजून मूल व्हायचं आहे त्यांनी त्या वासात राहू नये, हे मी विहीणबाईंना सांगितलंच. त्यांनी लगेच सुनेची पिशवी भरून दिली, त्याबद्दल त्यांचे आभार.

आपला स्नेहाकांक्षी व्याही,
गुरुशांतप्पा


हुमनाबाद,
सोमवार, १५ सप्टेंबर २०२५

श्री. मडिवाळप्पा यांस शरणार्थ.

तुमचं उत्तर आलं नाही, बंडेप्पा आले. आपल्या दोघांचे सोयरे, लग्न जुळवलेले, म्हणून ताटावर बसवून ऐकून घेतलं. तुमचा निरोप असा की वास गेलाय, दसऱ्याला सून घरात पाहिजे, आणि बापानं लेकीच्या संसारात किती नाक घालावं याला काही सुमार असावा.

नाकाचं तुम्ही बघा. माझा धंदा कानाचा आहे.

मी बंडेप्पांना विचारलं, "टेकू लागले का?"

"टेकूबिकू काई न्हाई, पण खोली बघाल तर नवी दिसायलीय. तुळईला ऑइलपेंट मारलाय, चकचकीत. गंगव्वाक्का म्हणाल्या, आता तरी इवायाच्या डोळ्याला बरं दिसंल."

मी हसलो. बंडेप्पाही हसले. त्यांना वाटलं मिटलं.

मडिवाळप्पा, रंगानं तुळई धरली जात नाही. कुजलेल्या लाकडाला रंग दिला तर आतला ओलावा आतच कोंडतो आणि लाकूड आणखी लवकर जातं. हे तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. कारखान्याला ऊस घालणारा माणूस तुम्ही, ट्रॅक्टरच्या आवाजावरून त्याला काय झालंय ते ओळखता. तुम्हाला सगळं कळतं. मला त्याचाच राग आहे.

इकडं शैलश्री मला रोज म्हणते, "अप्पा, मी जाते आता. त्यांचे शेजारीपाजारी काय म्हणतील?" तिची आई तिच्या बाजूनं. "लेक किती दिवस ठेवून घ्यायची? तुमच्या त्या औषधाचा वास अफजलपुरात आहे की तुमच्या डोक्यात?" असं मला माझ्याच घरात ऐकावं लागतं. मी गप्प बसतो. मी गप्प बसलो की घरातली माणसं घाबरतात, इतकी मला त्याची सवय नाही.

परवा ती आईजवळ शेंगा फोडत बसली होती. मी बाहेर ओट्यावर. तिला वाटलं मी फोनवर आहे. ती सहज बोलून गेली: सुनीलकुमार बेंगळुरूहून सुटीला आले की सासूबाई दोघांचं अंथरूण वरच्या खोलीत घालतात. ते परत गेले की हिचं अंथरूण पुन्हा मागल्या खोलीत. तिच्या आईनं विचारलं, "असं कामून गं?" तर ही म्हणते, "मागं डास हायत म्हणतात. त्यांना डास चालत न्हाईत."

मी त्यावर काही लिहीत नाही. तुम्ही दोघांनी हे वाक्य एकदा मोठ्यानं वाचा, एवढंच.

शैलश्री दसऱ्याला येणार नाही. वास अजून आहे असं समजा. तुळई उतरली, वारूळ गेलं, न्हाणी हलली, की मला बोलवा. मी येईन, ठोकीन, ऐकीन आणि मग बोलीन. पोरगी माहेरी का ठेवली असं कुणी विचारलं तर खुशाल माझं नाव घ्या. मला वाईट म्हणवून घ्यायला हरकत नाही. धंद्यात सुरुवातीला लोक मला दारातूनच हाकलायचे, "आमच्या घरात वाळवी न्हाई," म्हणायचे. पुढं तेच लोक रडत यायचे. मला दोन्हीची सवय आहे.

पाऊस इकडं वाढायलाय. तुमच्याकडं भीमेचं पाणी चढतंय असं ऐकलं. माळवदावरची माती भिजली की तिचं ओझं दुप्पट होतं, हे मी लिहिलंय याची आठवण ठेवा.

आपला व्याही,
गुरुशांतप्पा


हुमनाबाद,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

मडिवाळप्पा,

खोली पडली हे मला तुमच्या आधी बंडेप्पांकडून कळलं. पहिला प्रश्न मी विचारला, कुणी होतं का आत? "न्हाई," म्हणाले. मी तिथंच बाजेवर टेकलो. मग दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. तुम्ही कुणाकुणाला बाजूला बसवून, मोठा आवाज लावून बोललात ते मला ऐकू येत होतं. मागं एकजण खोकत होता, दुसरा "आणखी बोला, आणखी बोला" म्हणत होता.

तुम्ही म्हणालात, "तुझ्या मशीननं माझं घर पाडलं. भोकं पाडून भिंत खिळखिळी केलीस. पोरगीला घेऊन ये आणि पंचांपुढं उभा राहा."

येतो. पंचांना त्या ढिगाऱ्याजवळच बसवा. माझी भोकं भिंतीच्या बुडाशी, भुईलगत आहेत. त्या भिंती उभ्या आहेत, हे बंडेप्पांनी स्वतः बघितलंय. पडलं ते वरून. तुळईचं न्हाणीकडचं टोक उचला आणि पंचांच्या हातात द्या. वर तुमचा चकचकीत रंग असेल आणि आत ओल्या चहापत्तीसारखा भुगा. मला एक शब्द बोलावा लागणार नाही.

पण मला एक बोलायचं आहे, आणि ते मी पंचांपुढं बोलणार नाही. पहिल्या पत्रात लिहायला बसलो होतो. हात पुढं गेला नाही. वाटलं, न बोलता काम होत असेल तर कशाला नातं नासवा. मी हसतखेळत माणसांकडून काम करून घेणारा आहे. तुमच्याकडून मात्र ते झालं नाही.

पंचमीच्या दिवशी मी मागल्या खोलीत खाटेवर उभा होतो. पातं तुळईवर, मूठ कानाला. शैलश्री अंगणात पूजेची भांडी घासत होती. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात होता. तुळई एकच. मी वाळवी ऐकत होतो आणि तुम्ही ऐकू आलात.

गंगव्वा म्हणाल्या, "ठोकायलाय तो. समजलं वाटतं त्याला."

तुम्ही म्हणालात, "समजू दे. तूर हलवलीय आपण. आता पडली तरी आपलं काय जायलंय तिथं?"

गंगव्वा काही बोलल्या नाहीत. मी वाट बघितली, मडिवाळप्पा. शिवाशपथ सांगतो, मी मूठ कानावर तशीच धरून वाट बघितली. वाटलं, आता बाई म्हणतील, सून झोपायलीय की तिथं. एक शब्द बोलल्या असत्या तरी मी बाकीचं विसरलो असतो. मग भांड्याचा आवाज झाला आणि त्यांनी तुम्हाला विचारलं, चहात साखर किती घालू.

तो चहा मी प्यालो. तुमच्यासमोर बसून, लॉजवाल्यांच्या गमती सांगत. तुम्ही हसलात.

त्याच दुपारी मी गाणगापूरला कामावर परतलो आणि ठरवलं. नुसतं मागून तुम्ही तिला सोडणार नव्हता. म्हणून दुसऱ्या दिवशी मशीन आणलं. त्या औषधाला वास नसतो, मडिवाळप्पा. ना पहिल्या दिवशी, ना दिवाळीला. मूल व्हायचं असलेल्या बाईचं जे मी बोललो ते गंगव्वांसाठी बनवलं होतं. सुनेच्या जिवासाठी तुम्ही अंथरूण हलवलं नाही, पण नातवाचं नाव काढल्याबरोबर पिशवी भरली. बंडेप्पांनी "वास गेलाय" असा तुमचा निरोप आणला, तेव्हा मी मान डोलावली ती याच्यासाठी. नसलेला वास तुम्हाला दोघांना आलाही आणि गेलाही.

शैलश्रीला मी हे काही सांगितलं नव्हतं. लेकीला सासर कडू करून देणारा बाप मला व्हायचं नव्हतं. मग परवा तुमचे चिरंजीव आले. बेंगळुरूहून थेट, तुमच्याकडं न उतरता. पोरगा वाईट नाही. शैलश्रीच्या आईनं पाणी दिलं ते त्यानं तसंच खाली ठेवलं.

माझ्यासमोर त्यांचं बोलणं झालं. जसं झालं तसं लिहितो.

"खाट पार चेपलीय," तो म्हणाला. "मी फोटो बघितला. शैला, तू तिथं असतीस तर..."

ती म्हणाली, "तुम्ही सुटीला आल्यावर आपलं अंथरूण वर कामून घालत होते हो?"

"आई म्हणायची, मागं डास हायत."

"मग तुम्ही गेल्यावर डास जायचे व्हय?"

मला वाटतं, सुनीलकुमारांना त्याच क्षणी कळलं. आधी कळलं असतं तर त्यांनी काय केलं असतं ते मला माहीत नाही, मी त्यांची बाजू घेत नाही. शैलश्री माझ्याकडं वळली. "अप्पा, तुम्हाला माहीत होतं?" तेव्हा मी स्क्रूड्रायव्हरचं सगळं सांगितलं. तुमचं वाक्य जसंच्या तसं. तूर आणि सगळं.

ती रडली नाही. तिनं कोपऱ्यातली शेंगांची टोपली ओढली आणि फोडत बसली. मग नवऱ्याला म्हणाली, "मी तुमच्या घरात यीन. तुमच्या आईबापाच्या घरात न्हाई. तुमचं घर कुठं हाय ते बघून ठेवा आणि मला न्यायला या. तोवर मी हितंच."

तो हो म्हणाला. करेल की नाही ते बघू. मी त्याच्या "हो"लाही ठोकून बघणार आहे.

तेव्हा पोरगीला घेऊन यायचं विसरा. पंचांपुढं मी एकटाच येईन. गंगव्वांनी वाटलं तर म्हणावं, वारूळ मोडायची भाषा केली म्हणून नाग कोपला. खोली पडली, वारूळ उभं आहे, बंडेप्पांनीच सांगितलं. वर दसऱ्याची फुलंही वाहिलेली आहेत म्हणे. वाहू द्या.

आता शेवटचं, आणि हे भांडण म्हणून वाचू नका.

ज्या तुळईतून तुमचा आवाज माझ्यापर्यंत आला, तिचं मागलं टोक ढिगाऱ्यात आहे. पुढलं टोक अजून तुमच्या स्वयंपाकघरावर आहे. तेव्हा ते टणक वाजत होतं. आता ते मधल्या भिंतीवर मोडून लोंबतंय म्हणे, वर भिजलेली माती आहे, आणि वाळवी ज्या वाटेनं इथवर आली त्याच वाटेनं पुढं जाणार. गंगव्वा तिथंच तुरीच्या पोत्यांजवळ अंथरूण टाकतात, मी बघितलंय. हे पत्र तुमच्या हातात पडायला उशीर होईल म्हणून बंडेप्पांना सकाळीच फोन करून सांगितलंय आणि आमची माणसं टेकूचे खांब घेऊन गाणगापुराहून निघालीत. त्यांना आत येऊ द्या. माझं नाव ऐकून दार लावू नका.

तुम्हाला माझ्या लेकीच्या डोक्यावरचं माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत. मला तुमच्या बायकोच्या डोक्यावरचं माहीत आहे, आणि मला तुमच्यासारखं गप्प बसता येत नाही. तेवढंच.

अजून केलं नसलं तर हे वाचताक्षणी स्वयंपाकघर रिकामं करा. आणि या वेळी तुरीच्या आधी गंगव्वांना हलवा.

शैलश्रीचा बाप,
गुरुशांतप्पा